मालेरकोटला, १८७२ : धास्तावलेल्या राज्याचा न्याय

१७ जानेवारी १८७२. दिवस मावळला होता, सात वाजत आले होते. पंजाबातल्या मालेरकोटला या छोट्या संस्थानाच्या राजधानीबाहेरच्या माळावर तोफा मांडलेल्या होत्या. दुपारपासून त्या धडाडत होत्या. लुधियानाचा डेप्युटी कमिशनर कॉवन तिथे जातीने उभा होता. शेवटच्या तुकडीतली माणसे तोफांना बांधून झाली होती, तेवढ्यात त्याच्या वरिष्ठाचे, अंबाला विभागाचा कमिशनर डग्लस फोरसाइथ याचे पत्र आले. कैद्यांना पहाऱ्यात ठेवावे, पुढचा निकाल रीतसर व्हावा, असा त्याचा आशय होता. कॉवनने पत्र वाचले, शेजारी उभ्या असलेल्या पोलीस अधिकारी पर्किन्सच्या हाती दिले आणि काम चालू ठेवले. आता थांबणे शक्य नाही, बांधलेली माणसे सोडली तर भोवती जमलेल्या लोकांवर फार वाईट परिणाम होईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याने ते नंतर स्वतःच सरकारला लिहून कळवले, म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे.

या एका कारणापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. कैदी जेरबंद होते. पतियाळा, नाभा, जींद या संस्थानांच्या फौजा भोवती उभ्या होत्या. समोरच्या माणसांपासून राज्याला तसूभरही धोका नव्हता. तरीही तो भ्याला होता. बघ्यांना काय वाटेल, आपण कच खाल्ली असे तर वाटणार नाही ना, याचा त्याला धाक होता. वासाहतिक राज्यात माणसांचे जीव कशाकशापायी गेले याचा हिशोब मांडताना लोभ आणि वंशाचा अहंकार ही कारणे आपण नेहमी सांगतो. ती खरीच आहेत. पण मूठभर माणसांनी कोट्यवधींवर राज्य करताना मनात बाळगलेली धास्ती हे कारण तितकेच मोठे आहे, आणि त्या धास्तीची किंमत दर वेळी दुसऱ्यांनीच मोजली.

ती थंडी तशी धास्तीचीच होती. सत्तावन्नचा उठाव होऊन पुरती पंधरा वर्षेही लोटली नव्हती. पंजाबातल्या बहुतेक वरच्या अधिकाऱ्यांनी तो काळ अंगावर झेललेला होता. फोरसाइथ स्वतः सत्तावन्नमध्ये अंबाल्याचा डेप्युटी कमिशनर होता. त्यात २० सप्टेंबर १८७१ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर हायकोर्टाचा हंगामी मुख्य न्यायाधीश नॉर्मन याला अब्दुल्ला नावाच्या माणसाने भोसकले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन मेला. वहाबींवरचे खटले गाजत होते. हिंदुस्थानातले मुसलमान राणीविरुद्ध उठायला धर्माने बांधलेले आहेत का, या प्रश्नावर डब्ल्यू. डब्ल्यू. हंटरचे पुस्तक त्याच वर्षी आले होते. इंग्रजांच्या क्लबांत आणि छावण्यांत पुढचे सत्तावन्न केव्हा आणि कुठून येणार याचीच चर्चा असे. पंजाबात तर ते कुठून येणार हे पोलिसांनी जवळजवळ ठरवूनच टाकले होते. लुधियाना जिल्ह्यातल्या भैणी नावाच्या खेड्यातून.

भैणीत रामसिंग राहत. १८१६ चा जन्म, सुतार घराणे, तरुणपणी रणजितसिंगांच्या वारसांच्या फौजेत शिपाईगिरी केलेली. शीख राज्य बुडण्याच्या सुमारास ते फौज सोडून गावी परतले. हजरोच्या बालकसिंगांचे शिष्य झाले, आणि १८५७ च्या बैसाखीला त्यांनी आपल्या अनुयायांना वेगळी दीक्षा दिली. हे नामधारी. भजनात रंगले की मोठ्याने कूक घालत, म्हणून लोक त्यांना कूका म्हणू लागले. पांढरे कपडे, सरळ बांधलेली पांढरी पगडी, गळ्यात लोकरीची माळ. दारू नाही, मांस नाही. मुलींना मारायचे नाही, विकायचे नाही, हुंडा घ्यायचा नाही. विधवेला पुन्हा लग्न करता यावे. १८६३ मध्ये त्यांनी खोटे गावात अगदी साध्या रीतीने, भटजीवाचून लग्ने लावली. आपल्याकडे ज्योतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली ती त्यानंतर दहा वर्षांनी. दोघांच्या वाटा पुष्कळ वेगळ्या होत्या, पण भटजीवाचून लागलेले लग्न म्हणजे काय खळबळ असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

रामसिंगांच्या मागे जाणारा वर्ग मुख्यतः जाट शेतकरी, सुतार आणि गावातली इतर कष्टकरी माणसे. सरदार-जमीनदारांना आणि गुरुद्वारांच्या महंतांना हे नको होते. सरकारकडे पहिल्या कागाळ्या गेल्या त्यांतल्या पुष्कळ याच लोकांच्या. सरकारने १८६३ मध्ये रामसिंगांना भैणीतून बाहेर पडायला बंदी केली, ती १८६७ पर्यंत चालली. बंदीतच पंथ वाढला. ठिकठिकाणचे काम पाहायला रामसिंगांनी सुभे नेमले. निरोप नेण्याआणण्याची स्वतःची व्यवस्था उभी केली, माणसांकरवी, गावोगाव, अतिशय जलद. पोलिसांच्या अहवालांत या सगळ्याचा एकच अर्थ लागे. सुभे म्हणजे समांतर राज्याचे अधिकारी, निरोप्ये म्हणजे कटाचे हस्तक. चार माणसे पहाटे उठून नाम जपत बसली, तरी त्याची नोंद होई. रामसिंगांच्या मनात इंग्रजी राज्य जावे असे नव्हते, असे मी म्हणणार नाही. शीख राज्य बुडालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण तोवर त्यांनी कुणावर हत्यार उचलले नव्हते, आणि उचला असे सांगितलेही नव्हते.

हत्यार उचलले गेले ते गाईवरून. शीख राज्यात गोवधाला बंदी होती. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला आणि अमृतसरसारख्या शहरात कसाईखाने निघाले. १८७१ च्या जूनमध्ये एका रात्री काही कूकांनी अमृतसरच्या कसायांवर हल्ला केला. चार जण मारले गेले. पोलिसांनी भलत्याच लोकांना पकडून त्यांच्याकडून कबुल्याही मिळवल्या होत्या. खऱ्यांनी पुढे होऊन गुन्हा पदरात घेतला, चौघे फासावर गेले. जुलैमध्ये रायकोटला तसेच घडले आणि तिथेही फाशी झाली. मेलेले कसाई गरीब माणसे होती, सरकारने दिलेल्या परवानगीने आपला धंदा करत होती. त्यांचे रक्त कूकांच्या हातांवर आहे, ते पुसता येत नाही. मात्र या खटल्यांत सरकारने कायद्याची वाट सोडली नव्हती. साक्षी झाल्या, निकाल झाले, शिक्षा झाल्या. सहा महिन्यांनी ती वाट सुटली.

१८७२ च्या जानेवारीत माघीच्या सणासाठी भैणीत मेळा भरला. त्यातले शे-सव्वाशे जण हिरासिंग आणि लहनासिंग या साकरौंदीच्या दोघांच्या मागे पेटून उठले. मालेरकोटल्यात एका नामधाऱ्याच्या डोळ्यांदेखत बैल कापल्याची हकीकत त्यांच्यात फिरत होती. रामसिंगांनी त्यांची समजूत घातली, पगडी गळ्यात घालून विनवले असेही नामधारी सांगतात. ते ऐकेनात, तेव्हा रामसिंगांनी स्वतः पोलिसांना कळवले की ही माणसे आता माझ्या हाताबाहेर गेली आहेत. ही गोष्ट सरकारी कागदांत नोंदलेली आहे.

१४ तारखेच्या संध्याकाळी ही टोळी मलौधच्या सरदाराच्या गढीवर चालून गेली. हाती काय लागले? तीन घोडे, एक बंदूक, एक तलवार. दुसऱ्या दिवशी सकाळी मालेरकोटल्यात खजिन्यावर आणि नवाबाच्या वाड्यावर हल्ला झाला. कोतवाल अहमदखान आणि त्याची माणसे मिळून आठ जण ठार झाले, पंधराएक जखमी झाले. कूकांचे सात पडले. खजिना काही फुटला नाही. टोळी मागे हटली आणि पतियाळाच्या हद्दीतल्या रड्ड गावी पोचली. थकलेली, उपाशी, अनेक जण जखमी. तिथे अमरगढचा नायब नाझिम नियाझ अली याच्यापुढे अडुसष्ट जणांनी हत्यारे ठेवली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. त्यांना सगळ्यांना शेरपूरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. १५ जानेवारीला रात्र पडली तेव्हा बंड म्हणून जे काही होते ते संपलेले होते. संस्थानी शिपायांनी ते संपवले. कुणी गोरा शिपाई तिथे पोचलादेखील नव्हता.

कॉवन १६ तारखेला मालेरकोटल्यात आला. मरणाची शिक्षा वरिष्ठाच्या मंजुरीवाचून देण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि हे तो पुरते जाणून होता. १७ तारखेला कैदी शेरपूरहून आणले गेले. स्त्रियांना वगळून पुरुष सहासष्ट. पंचनामा नाही, जबानी नाही, साक्ष नाही. कोणी मलौधला होता, कोणी कोटल्यात होता, कोणी कुणाला मारले, कोण नुसताच सोबत चालत आला, याचा शोध कोणी घेतला नाही. दुपारी चारच्या सुमारास माणसे सात-सातच्या तुकड्यांनी तोफांकडे नेण्यात येऊ लागली.

पुढचे सांगताना हात अडखळतो, पण सांगायलाच हवे. नामधाऱ्यांच्या परंपरेत असे आहे की त्यांनी पाठ फिरवायला नकार दिला आणि तोफेकडे तोंड करून उभे राहिले. वरयामसिंग नावाचा एक जण ठेंगणा होता, तोफेचे तोंड त्याच्या डोक्यावरून जात होते. त्याला सोडून द्यायची तयारी झाली, तेव्हा त्याने शेतातली ढेकळे आणि दगड गोळा करून रचले आणि त्यांवर चढून उभा राहिला. इंग्रजी कागदांत ही गोष्ट नाही. ती कागदांत असती तर मलाच आश्चर्य वाटले असते. कागदांत आहे ती पन्नासाव्या माणसाची गोष्ट. तो सुटला, धावत जाऊन त्याने कॉवनची दाढी धरली आणि भोवतालच्या संस्थानी अधिकाऱ्यांनी त्याला तलवारींनी तोडले. नामधारी त्याचे नाव बिशनसिंग सांगतात आणि तो बारा वर्षांचा पोर होता असे म्हणतात. एकोणपन्नास तोफेने, एक तलवारीने. मग अंधार पडला म्हणून उरलेले सोळा दुसऱ्या दिवसावर ठेवले गेले.

फाशी सोडून तोफच का? तोफेच्या तोंडी देणे ही रीत मोगलांच्या काळापासूनची. कंपनीने ती उचलली. १७६४ मध्ये हेक्टर मन्रोने बिहारात बंडखोर शिपायांना असे उडवले होते. १० जून १८५७ रोजी पेशावरला एका परेडवर पंचावन्नाव्या पलटणीचे चाळीस शिपाई उडवले गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईच्या एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या भागात, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना उडवले. देहाच्या चिंधड्या होतात, दहन होत नाही, दफन होत नाही, म्हणजे मेल्यावरही शिक्षा चालू राहते, हा त्यातला हिशोब. मरणारा क्षणात मरतो. खरी शिक्षा पाहणाऱ्यांना असते, म्हणूनच पाहणारे गोळा करावे लागतात. रशियन चित्रकार वेरेश्चागिनने १८८० च्या दशकात तोफांना बांधलेल्या माणसांचे एक प्रचंड चित्र काढले. त्यातली माणसे पांढऱ्या कपड्यांतली आहेत. सत्तावन्नचे म्हणून ते ओळखले गेले, पण पाहणाऱ्या पुष्कळांना त्यात कूकाच दिसले आहेत.

आणि पंजाबच्या अधिकाऱ्यांसमोर आणखी जवळचा एक दाखला होता. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीतली सव्विसावी पलटण १८५७ च्या मे महिन्यातच निःशस्त्र केली गेली होती. ३० जुलैला ती पळाली. रावीच्या काठी उपाशी, चिखलाने माखलेली, बिनहत्यारी माणसे पकडली गेली. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने त्यांतल्या २८२ जणांना अजनाल्याच्या पोलीस ठाण्यात आणून कोंडले. १ ऑगस्टला, बकरी ईदच्या दिवशी, दहा-दहा जणांना बाहेर काढून गोळ्या घातल्या गेल्या. २३७ झाल्यावर बातमी आली की उरलेले बाहेर यायला तयार नाहीत. दार उघडले तर बुरुजाच्या कोठडीत पंचेचाळीस जण गुदमरून मेलेले. सगळी प्रेते जवळच्या कोरड्या विहिरीत टाकली. कूपरने हे लपवले नाही. १८५८ मध्ये पुस्तक लिहून अभिमानाने सांगितले. वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली, मानाचा किताब मिळाला. ती विहीर २०१४ मध्ये उकरली गेली तेव्हा हाडे वर आली. पंजाबात एखादा जिल्हा अधिकारी धास्तावून, कायदा गुंडाळून माणसे मारतो तेव्हा त्याचे काय होते, याचे उत्तर कॉवनला शोधावे लागले नव्हते.

त्याच्या अहवालाचा सूर म्हणूनच अपराध्याचा नाही. मोठे रूप धरू शकले असते असे बंड आपण वेळीच खुडले, तडकाफडकी आणि भयंकर शिक्षा दिल्याखेरीज पुन्हा असे होणे टळले नसते, असे त्याने लिहिले. सारी भिस्त ‘झाले असते’ यावर. जे घडले त्याची शिक्षा मोजता येते, काही खून, काही घरफोडी. जे घडले असते त्याला माप नाही. भीतीने काढलेल्या बंडाचा आकार भीतीएवढाच मोठा असतो, आणि मग शिक्षाही तेवढीच मोठी लागते.

फोरसाइथचे वागणे मला कॉवनपेक्षा जास्त अस्वस्थ करते. थांबा असे सांगणारे पत्र त्याचेच. पण झाल्याचे कळताच त्याने कॉवनला खासगी चिठ्ठी धाडून त्याने केलेल्या सगळ्याला मान्यता दिली आणि त्याची वाखाणणी केली. १८ तारखेला तो स्वतः मालेरकोटल्यात आला, संस्थानी अधिकारी बरोबर बसवून उरलेल्या सोळा जणांचा खटला उरकला आणि त्याच दिवशी त्यांना तोफेने उडवले. कॉवनने कायदा मोडला होता. फोरसाइथने तो काही तासांत बसवून दाखवला. मरणाऱ्यांना त्यातला फरक कळला असेल असे वाटत नाही.

कलकत्त्यात मात्र हे पचले नाही. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने खुलासा मागवला. चौकशी चालू असतानाच, ८ फेब्रुवारीला, पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदी या कैद्याने मेयोचाच खून केला. गोऱ्या समाजात हाहाकार उडाला. अशा वेळीही हंगामी व्हाइसरॉय नेपियरने एप्रिलअखेर निकाल दिला. कॉवन नोकरीतून बडतर्फ, फोरसाइथची पंजाबातून बदली. या निकालाचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्यापुढचेही पाहायला हवे. इंग्रजांच्या वृत्तपत्रांनी कॉवनची बाजू घेतली, पंजाब वाचवणाऱ्याचा सरकारने बळी दिला असा गिल्ला झाला. फोरसाइथची बदनामी फार दिवस टिकली नाही. १८७३ मध्ये काशगरच्या मोठ्या शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून त्याला पाठवले गेले, परतल्यावर ‘सर’ ही पदवीही मिळाली.

रामसिंगांना १८ जानेवारीच्या पहाटेपूर्वीच भैणीतून उचलले होते. त्यांच्यावर आरोपपत्र कधीच ठेवले नाही. ठेवणार काय, त्यांनीच तर पोलिसांना खबर दिली होती. अशा माणसाला डांबायला १८१८ चे तिसरे रेग्युलेशन होते. त्यात आरोप लागत नाही, खटला लागत नाही. अलाहाबादमार्गे त्यांना रंगूनला नेले, १८८० मध्ये आणखी दूर मेरगुईला. १८८५ मध्ये ते वारले असे सरकारने जाहीर केले. हद्दपारीतून त्यांनी चोरून पाठवलेली पत्रे भैणीत पोचत, वाचली जात. भैणीतल्या त्यांच्या दाराशी बसवलेली पोलीस चौकी पुढे कित्येक दशके हलली नाही. कितीतरी नामधारी आजही मानतात की गुरू गेलेले नाहीत, ते परत येतील.

तेच रेग्युलेशन १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांच्यावर चालवून त्यांना मंडालेला धाडले. पन्नास वर्षे झाली म्हणून त्या वर्षीही इंग्रजांना सत्तावन्न पुन्हा येणार असे वाटत होते. मुंबई इलाख्यात अशाच कामाला १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन होते. रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना त्याखाली खटल्याविना डांबले, ते आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे.

याच धास्तीपोटी १९१९ च्या एप्रिलमध्ये अमृतसरला काय घडले त्याची सगळी हकीकत इथे सांगत नाही. १० तारखेला शहरात गोळीबार झाला, जमावाने पाच गोरे मारले, मिस शेरवूड या इंग्रज बाईवर हल्ला झाला. १३ तारखेला जनरल डायरने पन्नास बंदुकवाल्यांकडून जालियनवाला बागेत १६५० गोळ्या झाडवल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, काँग्रेसच्या चौकशीत तो हजारावर गेला. मला इथे हवी आहे ती डायरची त्या नोव्हेंबरात लाहोरला, या घटनांची सरकारी चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे झालेली जबानी. मुंबईचे चिमणलाल सेटलवाड त्याला एकेक प्रश्न विचारत होते. डायरने सांगितले की जमाव पांगवणे एवढाच हेतू नव्हता, साऱ्या पंजाबच्या मनावर परिणाम घडवायचा होता. चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन वापरल्या असत्या, हेही त्याने कबूल केले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या कॉवनचे आणि त्याचे म्हणणे एकच. समोरच्याने काय केले ते गौण, न दिसणाऱ्यांनी काय करू नये ते मुख्य. पुढचेही तसेच घडले. डायरला १९२० मध्ये नोकरी सोडावी लागली. लॉर्ड्सच्या सभागृहाने १२९ विरुद्ध ८६ मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला, आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ने त्याच्यासाठी सव्वीस हजार पौंडांवर निधी जमवला.

फरक पडला तो लोकांच्या बाजूने. १८७२ मध्ये १७ जानेवारीला मेलेल्या पन्नास जणांपैकी एकाचीही जबानी कुणी लिहून घेतली नव्हती. त्यांची नावे आणि गावे पंथाने जपली, तेवढीच. १९१९-२० च्या हिवाळ्यात गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईहून आलेले मुकुंदराव जयकर हे वकील पंजाबात गावोगाव फिरले. त्यांच्या समितीने सुमारे १७०० लोकांच्या हकिकती तपासल्या, साडेसहाशेंवर जबान्या छापल्या. सोसलेल्यांनी सांगितले, वकिलांनी उलटतपासणी करून पारखून घेतले, जे टिकले नाही ते गाळले. २५ मार्च १९२० रोजी हा अहवाल बाहेर आला. सरकारी हंटर समितीचा अहवाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला.